थोरल्याची कवळी

चर्चच्या मंडळीतले लोक धाकट्याला कोकरू म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण पाठीमागे म्हणताना आवाजही फारसा खाली आणत नसत. कुणाच्या घरी भांडण झालं की बायका नवऱ्यांना त्याचा दाखला देत. बघा जरा त्यांच्याकडे, अकरा वर्षांत कुणाला उलट शब्द बोलले नाहीत. आता जो माणूस दिवसभर एका खोलीत बसून कवळ्या बनवतो, ज्याच्याभोवती फळ्यांवर प्लास्टरचे पन्नास जबडे आ वासून बसलेले असतात आणि त्यातला एकही बोलत नाही, तो उलट शब्द बोलणार तरी कुणाला? पण एकदा लोकांनी एखाद्याला गरीब गाय ठरवलं, की त्याच्या शिंगांकडे कुणी बघत नाही.

धाकट्याला शिंगं होती. अकरा वर्षं तो त्यांना रोज धार लावत होता, आणि ती सगळी एकाच माणसावर रोखलेली होती. तो माणूस म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ.

थोरला मंडळीचा पंच, म्हणजे कारभाऱ्यांतला एक. चोवीस वर्षं पुढच्या बाकावर त्याची जागा ठरलेली. अंगाने भरदार, आवाज त्याहून भरदार, आणि दुसऱ्याच्या घरात काय चाललंय याची कळकळ तर विचारूच नका. कुणाची सून रुसली, कुणाचा मुलगा बिघडला, की थोरला तिथे हजर. तिथून परत आला की तो बुधवारच्या सभेत त्या घरासाठी प्रार्थना करायचा, आणि प्रार्थनेत सगळा तपशील यायचा, जणू तपशिलाशिवाय देवाला घर सापडणार नाही. त्यामुळे मंडळीत कुणाला काही विचारावं लागत नसे. बुधवारी डोळे मिटून नीट ऐकलं की आठवड्याच्या बातम्या कळत.

धाकट्याची बायको गेली तेव्हा त्याची लेक सात वर्षांची होती. त्यानंतर दोन वर्षं त्याच्याकडून प्रार्थना झाली नाही. तो डोळे मिटायचा, ओठ हलवायचा आणि वेळ झाली की आमेन म्हणायचा. आत काहीच नसायचं. रविवारी मात्र तो पुढे उभा राहून बायबलमधला शास्त्रपाठ वाचायचा. त्याचं वाचन सुरेख होतं, आणि ते त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. बायको गेल्यावर आठवड्यातली ती दहा मिनिटंच काय ती त्याला धड जात. बाकी सगळं नाटक आहे हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मग एका संध्याकाळी थोरल्याच्या घराच्या जिन्यावर बसून त्याने ते थोरल्याला सांगितलं. थोरल्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बरं केलंस, मन मोकळं केलंस, असं म्हणाला.

चार दिवसांनी बुधवार आला. थोरला सभेत उभा राहिला. नाव घेणार नाही म्हणाला. आपल्यातल्या एका भावाची प्रार्थना दोन वर्षं बंद पडली आहे, तो नुसते ओठ हलवतो, रविवारी वचन वाचतो पण आत अंधार आहे, त्याच्यासाठी सगळ्यांनी कळकळीने मागा. नाव घेतलं नाही हे खरंच. फक्त बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला आणि ‘माझ्या पाठचा’ एवढं तोंडातून निसटलं. थोरल्याला पाठचा भाऊ एकच होता.

मग तासभर लोक एकामागून एक उठून धाकट्यासाठी प्रार्थना करत होते, आणि धाकटा मूग गिळून बसला होता. शेजारी नऊ वर्षांची लेक बसली होती. घरी जाताना तिने विचारलं, “बाबा, तुम्ही खोटं खोटं बसता का?” त्या रात्रीपासून ती प्रार्थनेच्या वेळी डोळे किलकिले उघडे ठेवायची आणि त्याच्या ओठांकडे बघायची.

पुढच्या रविवारी सगळ्या पंचांनी मिळून त्याला प्रेमाने सांगितलं, की आता थोडी विश्रांती घे. शास्त्रपाठाची जागा गेली. त्याच्या हातात गीतपुस्तकांचा गठ्ठा आला. दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं, जाताना परत घ्यायचं. ते काम त्याने अकरा वर्षं बिनतक्रार केलं आणि म्हणून तो कोकरू झाला. न बोलणारा माणूस सगळ्यांनाच सोयीचा असतो. त्याला सौम्य म्हणून टाकलं की तो का बोलत नाही हे विचारायची कटकट उरत नाही.

आता त्या मंडळीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एका ताटातली भाकर घ्यायची, वर्षातून चार वेळा व्हायचं. ताट फिरायच्या आधी सगळे जागेवरून उठायचे आणि ज्याच्याविषयी मनात अढी असेल त्याच्याकडे जाऊन, त्याचा हात हातात घेऊन म्हणायचे, “मनात काही नाही.” समोरच्याने तेच म्हणायचं. म्हणजे मग भाकर घ्यायला मोकळे. हे वाक्य खोटं बोलून जो ताटाला हात लावेल, तो स्वतःचाच न्याय, म्हणजे देवाची शिक्षा, गिळतो, असं तिथे लहान मुलांनाही पाठ होतं. थोरला दर वेळी आठवणीने शेवटच्या बाकापर्यंत चालत यायचा, सगळ्यांना दिसेल असा. धाकटा त्याचा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, मनात काही नाही. वर्षाला चार, अकरा वर्षं. चव्वेचाळीस वेळा तो धडधडीत खोटं बोलला होता, आणि चव्वेचाळीस वेळा तो घास त्याच्या घशात अडकला होता.

अशात थोरल्याचे दात गेले.

हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. दोन वर्षांत एकेक करत शेवटचे आठही काढावे लागले. भरदार माणसाचे गाल आत बसले. धाकट्याच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या वर मापं घ्यायच्या, धाकटा खाली कवळी बनवायचा. थोरला त्यांच्याकडेच आला. घरचा माणूस असताना परक्याच्या हातचे दात तोंडात कशाला घालू, असं त्याने अख्ख्या मंडळीला सांगितलं होतं. घाईही होती. येत्या प्रभुभोजनाच्या रविवारी त्याच्या पंचकीला पंचविसावं वर्ष लागणार होतं, आणि मंडळीच्या पाद्र्यांनी, पाळकसाहेबांनी, त्या दिवशी उपदेश करायचा मान त्याला दिला होता.

थोरल्याचा जबडा प्लास्टरमध्ये उतरून धाकट्याच्या टेबलावर आला, तेव्हा धाकटा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसला. ज्या तोंडाने त्याचं वाटोळं केलं, ते तोंड आता त्याच्या हातात होतं आणि चूं करत नव्हतं. काय काय करता येईल याची त्याने मनात यादी केली, आणि ती करताना त्याला गेल्या कित्येक महिन्यांत नव्हती एवढी मजा आली. सुळा केसभर उंच लावला तर प्रत्येक घासाला कळ जाईल. पुढचे दात जरा लांब घेतले तर थोरला हसला की घोडा दिसेल. मागचे दात वाजतील असे बसवले तर तो जेवायला बसल्यावर घरात टकटक सुरू राहील.

यातलं त्याने काहीच केलं नाही. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातून वाईट कवळी बाहेर गेली नव्हती, आणि थोरल्यापायी तो नियम मोडायचा म्हणजे थोरल्याला आणखी एक गोष्ट देऊन टाकायची. त्याने दात नीट निवडले, वयाला शोभतील असे, फार पांढरेही नाहीत. मेणात ते अचूक बसवले. सोमवारी मेणाची कवळी घेऊन तो वर गेला.

मेणाची कवळी तोंडात घालून बघतात ती शेवटची संधी असते. मेण हलवता येतं. एकदा प्लॅस्टिक ओतून उकळलं की मग घासण्याशिवाय काही हातात राहत नाही. डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली, चावा बघितला आणि नेहमीप्रमाणे साठपासून मोजायला सांगितलं. कवळीची खरी परीक्षा साठीतच होते, तिथे प्रत्येक आकड्यात स असतो.

“साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट,” थोरला म्हणाला. एकेक आकडा खणखणीत. सत्तरपर्यंत कुठे अडखळला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काम उत्तम आहे, आणि हात धुवायला आत गेल्या. धाकट्याने आरसा पुढे धरला. थोरल्याने गाल इकडून तिकडून बघितले आणि प्रसन्न हसला.

“रविवारचा माझा विषय माहीत आहे ना? नात्यांतली सौम्यता,” तो म्हणाला. “तुझंच उदाहरण देणार आहे.”

धाकट्याने आरसा होता तसाच धरून ठेवला. “कसलं?”

“त्या बुधवारचं. मी तुझ्यासाठी प्रार्थना मागितली आणि तू मान खाली घालून कसा बसलास. एक शब्द नाही, तक्रार नाही. लोकांना कळू दे सौम्य माणूस कसा असतो ते.”

“विचारायचं तरी होतं, दादा.”

“अरे, कौतुकच करतोय,” थोरला म्हणाला आणि पुन्हा आरशात बघायला लागला.

धाकटा मेणाची कवळी घेऊन खाली आला. दुपार होती. समोरच्या दुकानात कुणीतरी रेडिओ लावला होता. त्याने दार लोटलं, दिवा जवळ ओढला आणि कवळी उलटी धरली. म्हणजे पुन्हा. अकरा वर्षांपूर्वी एकदा त्याला उघडा करून झालं, आता दोनशे लोकांसमोर परत करणार, आणि वर ते कौतुक म्हणून त्याने गोड मानून घ्यायचं. त्या वेळची जी मुलं मोठी झाली होती, ज्यांना काही माहीत नव्हतं, त्यांनाही आता कळणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि मारणाऱ्याचं तोंड घडवायचं कामही मार खाणाऱ्याकडेच.

त्याने सुरी तापवली. पुढच्या दातांच्या मागे, टाळूवर जीभ जिथे टेकते तिथे, त्याने दोन्ही बाजूंना मेणाची एकेक पुसट कड चढवली आणि मधोमध दाभण जाईल एवढी अरुंद वाट ठेवली. बाहेरून काही दिसणार नव्हतं. चावताना त्रास नव्हता. पण स म्हणताना, आणि च-झ म्हणतानाही, हवा त्या वाटेने बाहेर पडली, की शिट्टी वाजणार होती. सौम्यता, सहनशीलता, संयम, सोसणं. विषय पाळकसाहेबांनी दिला होता, त्यात धाकट्याचा काही हात नव्हता.

मंगळवारी त्याने साचा भरला. बुधवारी उकळला. तोवर विचार बदलायला भरपूर वेळ होता, आणि त्याने तो बदलला नाही. त्याला आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. जेवताना, हात धुताना, मध्येच त्याला ती शिट्टी आठवायची आणि तो एकटाच हसायचा.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी कवळी बसवली. बाहेर चार रोगी खोळंबले होते. थोरल्याने साठ म्हटलं आणि बारीकशी शिट्टी आली. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, जीभ अडखळत होती, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी फारसं मनावर घेतलं नाही. नवी कवळी दोन दिवस असंच करते, सवय होईल, मंगळवारी दाखवायला या, असं त्यांनी सांगितलं. धाकट्याने कवळी अंगठ्याने कशी दाबून बसवायची ते थोरल्याला दाखवलं. “होईल सवय, दादा,” तो अगदी गरिबासारखा म्हणाला. थोरल्याने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, बस.

शुक्रवारी जिन्यावर पाऊल वाजलं की धाकटा दचकायचा. थोरला आलाच तर काय सांगायचं ते त्याने ठरवून ठेवलं होतं, घासायचं यंत्र बिघडलंय, सोमवारशिवाय होणार नाही. थोरला आला नाही. शनिवारी मात्र वहिनी आली.

“भावजी, तुमचे दादा दार लावून उपदेश पाठ करतायत,” ती म्हणाली. “काल आतून शिट्ट्या ऐकल्या तर मी आपली शेजारणीला हाक मारली, अहो, तुमचा कुकर बंद करा म्हणून. काही करता येईल का हो?”

“दादांना पाठवा ना,” धाकटा म्हणाला.

“सांगून दमले. जाणार नाही म्हणतात. का, तर तेही सांगत नाहीत.”

धाकट्याला वाटलं, गर्व. आपल्या तोंडात काही खोट असू शकते हे मान्य करायचं म्हणजे या माणसाच्या जिवावर येणार. बरंच झालं. वहिनीचं त्याला जरा वाईट वाटलं, पण ते दार लावेपर्यंतच टिकलं.

रविवारी त्याने दारात उभं राहून पुस्तकं वाटली. उरलेल्यांची चळत घेऊन तो शेवटच्या बाकावर येऊन बसला आणि चळत शेजारी ठेवली. गाणी झाली. शास्त्रपाठ झाला. वाचणारा मुलगा शब्द खात होता. मग थोरला उठला. नवा कोट, नवे दात, हातात चार कागद. त्याने सभेकडे बघितलं आणि सुरुवात केली.

“सौम्यतेशिवाय संसार नाही.”

तीन शिट्ट्या, स्वच्छ. तिसऱ्या बाकावरच्या मुलांनी माना वर केल्या. थोरला पुढे गेला. सहनशीलतेशिवाय स्नेह नाही, सासू असो, सून असो, सोसल्याशिवाय सुख नाही. एका पोराने तोंडाचा चंबू करून तश्शीच शिट्टी घातली आणि त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. तिचे स्वतःचे खांदे हलत होते. पेटीवाले आजोबा पेटीत काहीतरी पडल्यासारखे खाली वाकले ते वर येईनात. पाळकसाहेब छताकडे बघत होते. धाकटा मोजत होता. तेवीसपर्यंत त्याने मोजल्या, आणि प्रत्येक शिट्टी त्याच्या पोटात गार पाण्यासारखी उतरत होती. त्या बुधवारी यातल्याच प्रत्येकाने त्याच्यावर दया केली होती. आता करा म्हणावं दया, जमत असेल तर.

थोरल्याने तिसरा कागद उलटला. धाकट्याने ओळखलं, आता आपलं उदाहरण. ऐका म्हणावं सगळ्यांनी, सौम्य भावाची गोष्ट, शिट्ट्यांसकट.

थोरला थांबला. त्याने कागदाकडे बघितलं, मग सरळ शेवटच्या बाकाकडे बघितलं. मग त्याने खिशातून रुमाल काढला, दोनशे लोकांसमोर तोंडात बोटं घालून कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. त्याचा चेहरा एका क्षणात दहा वर्षांनी म्हातारा झाला. हसणं थांबलं.

“कवळीत काही खोट नाही,” तो बोळक्या तोंडाने म्हणाला. शब्द मऊ पडत होते, कान देऊन ऐकावे लागत होते. “माझ्या भावाच्या हातचं काम आहे. त्याच्या कामात खोट नसते. खोट माझ्या तोंडात आहे.”

एवढं बोलून त्याने कागदांची घडी घातली आणि खाली येऊन बसला. उदाहरण दिलंच नाही.

सभागृहात नाकं ओढल्याचे आवाज आले. धाकट्याच्या पुढच्या बाकावरची म्हातारी मागे वळली आणि डोळे पुसत त्याचा गुडघा थोपटून म्हणाली, धन्य ती माय, दोन लेक आणि दोन्ही असे. धाकट्याला तिचा हात झटकून द्यावासा वाटला. अकरा वर्षं वाट बघून हातातोंडाशी आलेला घास, आणि तोही या माणसाने काढून घेतला. धाकट्याने त्याचं हसं केलं, आणि तो त्या हशातून आणखी मोठा होऊन बाहेर पडला. आता महिनाभर बुधवारी हीच गोष्ट निघणार, आणि तिच्यात धाकटा पुन्हा कोकरूच असणार.

पाळकसाहेबांनी खूण केली. लोक उठले, एकमेकांकडे गेले, हात हातात घेऊन पुटपुटू लागले. थोरला मधल्या वाटेने चालत आला, नेहमीसारखा, पण आज कुणाकडे न बघता. त्याने हात पुढे केला.

“मनात काही नाही,” तो म्हणाला.

“माझ्या आहे,” धाकटा म्हणाला.

आजूबाजूचे चार जण बोलायचे थांबले. त्या मंडळीत हे वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं. थोरल्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्याने तो बाकाच्या पाठीवर टेकवला आणि तो चळतीच्या पलीकडे बसला. लोक आपापल्या जागी परतले आणि माना मुद्दाम समोर ठेवून बसले.

“मी मुद्दाम केलं,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. “टाळूवर मेण चढवलं. शिट्टी वाजावी म्हणून.”

“माहीत आहे.”

“कधीपासून?”

“गुरुवारपासून. तुझ्या हातची कवळी चुकून वाजत नाही.”

“मग आला का नाहीत? दहा मिनिटांचं काम होतं.”

थोरला आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. “आलो असतो तर का केलंस म्हणून विचारावं लागलं असतं,” तो म्हणाला. “आणि तू सांगितलं असतंस.”

म्हणजे दोनशे लोकांत हसं करून घेणं या माणसाला परवडलं, पण भावाच्या कारखान्याची पायरी चढणं परवडलं नाही. बरं, पायरी नाही तर नाही, आता तो समोर बसला होता. “आता सांगतो,” तो म्हणाला. “पोर नऊ वर्षांची होती. त्या बुधवारनंतर रोज रात्री प्रार्थनेत डोळे उघडे ठेवून माझे ओठ बघायची. खरे हलतात की खोटे. नोकरीसाठी घर सोडून गेली तोपर्यंत. मी पुन्हा खरी प्रार्थना करायला लागलो, तेव्हाही बघायची. तिला कधी पटलंच नाही. अजून पटत नाही.”

थोरल्याने मान वर केली. हे त्याला माहीत नव्हतं, एवढं त्याच्या तोंडावरून दिसलं. त्याचे ओठ आत ओढले गेले.

भाकरीचं ताट शेवटच्या बाकाशी आलं. ताट धरणाऱ्याने ते धाकट्यापुढे केलं. धाकट्याने मान हलवली. थोरल्यानेही हलवली. ताट धरणारा गोंधळून दोघांकडे बघत राहिला, मग पलीकडे गेला. अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकट्याच्या घशात काही अडकलं नाही.

“त्या बुधवारी मी तुझ्यासाठी उठलो नव्हतो,” थोरला म्हणाला. “तू वाचायला लागलास की लोक पुढे सरकून बसायचे. मी बोलायला लागलो की घड्याळ बघायचे.”

धाकट्याने ते ऐकलं. अकरा वर्षं तो स्वतःला समजावत आला होता, की दादाला पोच नाही, जीभ सैल आहे, मनाने वाईट नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून गिळत आला होता. आणि खरं काय ते हे होतं. त्याला वाटलं होतं, खरं ऐकल्यावर राग उतरेल. तो चांगला दुप्पट झाला. पण आता निदान तो खऱ्या जागी बसला होता.

“चुकलं माझं,” थोरला म्हणाला. बोळक्या तोंडातून ते शब्द गुळमुळीत आले, काहीही असू शकले असते.

“दात घालून सांगा,” धाकटा म्हणाला.

थोरल्याने त्याच्याकडे बघितलं. धाकट्याने नजर हलवली नाही. मग थोरल्याने खिशातून रुमाल काढला, उलगडला, कवळी तोंडात घातली आणि गुरुवारी दाखवलं होतं तशी अंगठ्याने वर दाबून बसवली.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

शिट्टी वाजली, बारीक आणि लांब. प्रभुभोजनाची शांतता होती, त्यामुळे ती पुढच्या बाकापर्यंत गेली. वहिनीने वळून बघितलं. तिसऱ्या बाकावरचं पोर खुदकन हसलं. थोरल्याचे कान लाल झाले, पण त्याने तोंडावर हात नेला नाही. थोरल्याने पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, की सगळं माझंच चुकलं, त्या बुधवारी आणि नंतरही. ते पुन्हा वाजलं.

धाकट्याला हसू आलं नाही. त्याने हातही पुढे केला नाही. दोघांच्या मधे ठेवलेली गीतपुस्तकांची चळत त्याने उचलली आणि आपल्या पलीकडच्या बाजूला ठेवली.

“मनात अजून आहे,” तो म्हणाला. “मंगळवारी या. घासून देतो.”